लवंगेवरचा उपवास

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात मी इंटर्न होते, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॅज्युअल्टीला आमचे एक सर होते. भयंकर तिरसट माणूस. एकदा पोलिसांनी एका एसटी ड्रायव्हरला दारुडा म्हणून आणून बाकावर आपटला. तो शिव्या देत होता, हातपाय झाडत होता, स्वतःचं नावसुद्धा धड सांगत नव्हता. मी लांबूनच म्हटलं, "सर, प्यालाय." सरांनी त्याच्या कपाळावरून तळवा फिरवला आणि तो ओला हात माझ्या नाकासमोर धरला. "घे वास. येतोय दारूचा? नाही ना? मग बघत काय उभी राहिलीस, ग्लुकोज भर." सुई शिरेतून काढते न काढते तोच तो माणूस उठून बसला आणि शहाण्यासारखा विचारायला लागला, माझी गाडी कुठं लावलीय? मधुमेहाचं इंजेक्शन घेतलं होतं बिचाऱ्यानं आणि डबा खायला वेळ मिळाला नव्हता.

सर म्हणाले, "वेडंवाकडं बोलणारा माणूस समोर आला की आधी साखर, मग तुमचं शहाणपण." हे एक वाक्य सोडलं तर सरांनी मला वर्षभरात धड काही शिकवलं नाही, नुसतं फाडून खाल्लं. पण ते वाक्य मात्र डोक्यात कायमचं बसलं.

पुढे दोनेक वर्षांनी वणीच्या अलीकडे, देवीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझी नेमणूक झाली. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक गळकी टाकी आणि मी. द्राक्षबागेत औषध मारता मारता कोसळलेला माणूस आणला की आधी मी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायची. मोहरीएवढ्या झालेल्या असल्या की फवाऱ्याचं विष भिनलंय हे समजायचं, उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन सुरू करायचं आणि त्याचे कपडे काढून त्याला साबणानं धुवायचं. साप चावलेल्याच्या पायाला करकचून बांधलेली दोरी बघितली की बांधणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची. फेफरं आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणाऱ्यांना मी अंगणात हाकलायची. हे सगळं मला ओळखता यायचं आणि निभावताही यायचं. रविवारच्या दुपारचं काय करायचं, ते तेवढं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी वसाहतीत वाढलेली पोरगी. घरात देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर. भिंतीला भिंत लागून घरं, एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका. गावात मात्र लोक आधी आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की "बरं बरं" म्हणायचे आणि पुढचं बोलणं एकदम तब्येतीवर आणायचे. वाईट कोणी बोललं नाही, हे सांगायलाच हवं. औषधाला यायचे, मान द्यायचे, कोथिंबिरीची जुडी पायरीवर ठेवून जायचे. पण "बसा, चहा टाकते" म्हटलं की प्रत्येकाचा नुकताच झालेला असायचा. सगळ्या गावाचा चहा माझ्या दारात येण्याआधी नुकताच झालेला असायचा, काय योगायोग म्हणायचा! सुरुवातीला मी चिडायची. मग मी विचारायचंच सोडलं, आणि ते चिडण्याहून वाईट होतं.

फक्त एक मावशी प्यायची. केंद्राच्या मागं एका खोलीत राहणारी विधवा, साठीच्या आसपासची, हाडकुळी, तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "डाक्तरीणबाई, चहा ठेवा. साखर नका टाकू, मला साखरंचा आजार हाय." मी चाचरत आडनाव सांगायला गेले, तर म्हणाली, "मला काय सोयरीक करायचीय? चहा ठेवा म्हन्ते ना." त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा तिचा न माझा. ती बिनसाखरेचा पिऊन तोंड वाकडं करायची आणि मला सगळ्या गावाच्या कुलंगडी सांगायची. मी हसायची. दिवसभरात तेवढंच हसणं असायचं.

मावशीला एकच मुलगा. नाशिकला कारखान्यात चांगला चिकटलेला, बायको, दोन पोरं. मागं तिच्या पायाची जखम चिघळली तेव्हा त्यानं तिला महिनाभर नाशिकला नेलं होतं. तिथंच साखर निघाली, गोळी सुरू झाली. तो महिना म्हणजे मावशीचं वैभव होतं. नातवंडं कशी कुशीत झोपायची, सून कशी गरम पोळी वाढायची, नळाला कशी धार यायची, हे मी इतक्यांदा ऐकलं की मला त्या घरातली भांडीसुद्धा पाठ झाली. जखम भरली आणि मुलानं तिला परत आणून सोडलं. "खोली ल्हान हाय म्हन्तो," ती सांगायची, आणि लगेच त्याची बाजूही घ्यायची. "आन खरंच ल्हान हाय, खोटं कशाला बोलू." तिला त्या लहान खोलीत राहायला जायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं. इथं एकटी मरेन आणि दोन दिवस कुणाला कळायचंबी नाय, असं ती चहाचा कप उपडा करता करता सहज बोलून जायची. मी म्हणायची, "मला कळेल ना." ती म्हणायची, "तुमची बदली झाली म्हंजी?"

त्या वर्षी तिनं देवीला नवस केला. पोरगा घरी नेईल तर गडावर येऊन साडीचोळी करीन. आणि नवरात्राचे शेवटचे तीन दिवस लवंगेवर काढीन. तिकडं काही बाया असा कडक उपवास धरतात. फराळ नाही, दूध नाही. सकाळी एक लवंग, संध्याकाळी एक लवंग आणि पाणी. मी ऐकून भडकलेच. म्हटलं, "मावशी, साखरेची गोळी चालू असताना उपाशी राहिलात तर सरळ वरचा रस्ता. गोळी काय करते? रक्तातली साखर उतरवते. पोटात काही नसलं तर कुठपर्यंत उतरवेल?" तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग तीन दिस गोळी नाय घेत. झालं?" मी बजावलं, आजपासूनच बंद, आधीचे दिवस फराळावर आहात तोवरही नको. तिनं मान डोलावली. आणि मावशी एकदा हो म्हणाली की हो, हे मला माहीत होतं.

अष्टमीच्या सकाळी केंद्रात गर्दी होती. गडावर निघालेले पायी भाविक, कुणाचे पाय सोललेले, कुणाला ताप. तेवढ्यात मागच्या अंगाला डफ वाजायला लागला आणि बघता बघता माझी रांग पातळ झाली. कुणीतरी येऊन सांगितलं, मावशीच्या अंगात आलंय. झालं! ज्याला चालता येत नव्हतं तोसुद्धा निघाला. तापाची एक बाई तर तोंडात थर्मामीटर घेऊन गेली. आता थर्मामीटर सरकारी, आणि केंद्रात तो एकच. माझं डोकं फिरलं. त्या बाईच्या मागं मी तरातरा निघाले, ती देवी बघायला नाही, थर्मामीटर आणायला.

मावशीच्या दारात माणूस मावत नव्हतं. आत घटासमोर पाटावर ती बसली होती, केस मोकळे, डावीउजवीकडं डुलत होती. नवरा गेल्यापासून ज्या कपाळाला कोणी बोट लावलं नव्हतं, ते कपाळ बायांनी कुंकवानं भरून टाकलं होतं. ते कुंकू ओघळून नाकावरून हनुवटीपर्यंत आलं होतं. मी थर्मामीटर विसरले. आश्विनातली सकाळ होती, खोलीत गर्दी होती, घाम येणारच. पण बाकी कुणाच्या कपाळावरचं कुंकू असं वाहत नव्हतं. हात थरथरत होते. डोळे उघडे होते आणि कुणाकडंच बघत नव्हते.

"मला घरी न्या," ती म्हणत होती. जड जिभेनं, पुन्हा पुन्हा. "घरी न्या मला."

"आईला गडावर जायचंय," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी हात जोडले. ती स्वतःच्याच घरात बसली होती, आणि घरी न्या म्हणत होती.

तिचा मुलगा पुढं झाला. आदल्या दिवशीच बायकापोरांना घेऊन गडावर जायला आला होता. त्यानं मावशीच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो मोठा बाप्या ढसाढसा रडायला लागला. "चुकलं माझं, देवी. हिला नेतो. उद्याच नेतो नाशिकला. हिला आता एकटी नाय ठेवणार, तुझ्या पायाची शपथ." सूनही रडली. बाया रडल्या. ज्यासाठी तिनं हे सगळं मांडलं होतं ते तिच्या पायाशी पडलं होतं, आणि ते ऐकायला ती तिथं नव्हतीच.

मी पुढं घुसायला गेले. दोघींनी हात आडवे घातले. "बाई, आता हात नाय लावायचा. कडक हाय." त्यांनी आणखी काही म्हटलं नाही, पण त्यामागचं माझं आडनाव मला ऐकू आलं. भांडायला वेळ नव्हता. भांडून आत शिरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात साखर आणखी उतरते, झटके येतात, मग शुद्ध जाते, आणि मग माणूस. तेव्हा मी एक केलं, जे बुद्धाला मानणाऱ्या आमच्या घरात आता पुढच्या सात पिढ्या कोणी करणार नव्हतं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, "मला पाया पडायचंय."

लगेच वाट झाली. डाक्तरीणबाई पाया पडतात म्हटल्यावर डफवाल्यानं आणखी जोर केला. माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर महिनाभर माझ्याशी बोलले नसते. मी वाकले, दोन्ही हातांनी मावशीचे पाय धरले आणि सोडलेच नाहीत. पाय गार होते, ओलेचिंब. बोट घोट्यामागं सरकवलं. नाडी धावत होती.

"हिनं गोळी घेतली का?" मी तशीच वाकलेली, बाजूच्या मुलाला विचारलं.

"हो मॅडम," तो डोळे पुसत म्हणाला. "ती नाही म्हणत होती. पण नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलंय ना, एक दिवस चुकवायची नाही. मी स्वतःच्या हातानं दिली. काल आल्या आल्या आणि आज सकाळी."

मला सगळं लख्ख दिसलं. माझं ऐकून तिनं गोळी सोडली होती. पण वर्षाकाठी दिसणारा मुलगा तळहातावर गोळी घेऊन समोर उभा राहिला, पाण्याचा तांब्या त्यानंच भरून आणला, तर कुठली आई नाही म्हणेल? देवीचं ऐकायचं म्हणून जेवण नाही, आणि लेकाचं मोडायचं नाही म्हणून गोळी. हे असं औषध कुठल्या पुस्तकात सापडणार!

मी उठले. "देवीला साखर हवीय," मी म्हटलं. "साखरेचं पाणी. पळा!" सून धावली. कुणी उपवास मोडेल असं म्हणायच्या आत मीच डोळे वटारले, "देवीचा प्रसाद आहे, प्रसादानं उपवास मोडतो का?" तोंडाशी भांडं लावलं, पण मावशीला गिळता येईना. पाणी ओठांच्या कडेनं गळ्यावर उतरलं. मान लुळी पडायला लागली. आता तोंडानं द्यायचं म्हणजे फुफ्फुसात घालायचं. मी त्या तापाच्या बाईला हाक मारली, "आधी तोंडातलं ते काढ, आणि पळत जाऊन माझी बॅग आण." ती खरंच पळाली. सकाळीच उकळून ठेवलेली काचेची सिरिंज, ग्लुकोजच्या अँप्यूल. मुलाला म्हटलं, "हिचा हात धर, हलू देऊ नकोस. देवीचा नाही, आईचा हात आहे, घट्ट धर." त्यानं धरला. उपाशी माणसाच्या शिरा सापडत नाहीत. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा रक्त वर आलं, आणि मी हळूहळू दांडा दाबत गेले.

डफ थांबला होता. मावशीनं डोळे मिचकावले. मान उचलली. हातातल्या सुईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डाक्तरीणबाई," ती म्हणाली, "इतक्या सकाळी कशाला आलात?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण मागं कुजबुज सुरू झाली होती. गेली देवी. सुई टोचून घालवली. ह्यांना काय कळणार देवीचं. ते "ह्यांना" ऐकलं आणि माझा तोल गेला. मी वळून सगळ्या खोलीला सुनावलं, "देवीबिवी काही नव्हती! रक्तातली साखर उतरली होती. आणखी थोडा वेळ डफ बडवला असतात तर हिला उचलूनच न्यावं लागलं असतं. उपाशी बाईच्या पोटात गोळी गेलीय, बाकी काही नाही. कळलं?"

कळलं. लोक उठले. ओटीचे नारळ ज्याचे त्यानं उचलून घेतले. ज्या कपाळाला आत्ता सगळे हात जोडत होते, त्याच्याकडं बघायलाही कोणी थांबलं नाही. थर्मामीटर मला परत मिळाला, तो तेवढा.

ही गोळी बेटी लांब पल्ल्याची असते. ग्लुकोजनं माणूस उठतो, आणि लोक म्हणतात, झालं बरं. पण गोळीचा जोर ओसरलेला नसतो, थोड्या वेळानं साखर पुन्हा उतरते. म्हणून मी मुलाला सांगितलं की आज दिवसभर आणि उद्याही हिच्याजवळ कुणीतरी हवं, थोड्या थोड्या वेळानं खायला घालायला हवं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "तुम्ही आहात ना मॅडम. आम्ही गडावर जाऊन येतो, पोरांचं दर्शन राहिलंय."

मी बसले. रांगेतल्यांना तिथंच मावशीच्या दारात तपासलं. मध्ये मध्ये तिला साखरपाणी, केळं, दूध. ती निमूट खात होती. उपवास मोडला म्हणून एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला बघवत नव्हतं.

दुपार कलल्यावर मुलगा गडावरून खाली आला. बायकापोरं रस्त्यावरच उभी होती, एसटीची वाट बघत. तो आईजवळ प्रसादाची पुडी ठेवून, तिच्या पायाला हात लावून बाहेर आला. मी त्याला ओट्याच्या कोपऱ्यात गाठलं.

"हिचं बोचकं बांधू का?" मी विचारलं. "उद्या म्हणाला होतात. पण आजच नेत असाल तर वाटेत काय द्यायचं ते सांगते. नाहीतर मी येते सोबत नाशिकपर्यंत."

त्यानं रस्त्यावरच्या बायकापोरांकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो, अजूनही मी तसं म्हणणार नाही. मग म्हणाला, "मॅडम, ते मी देवीला बोललो होतो."

"मग?"

"मग देवी नव्हतीच ना. तुम्हीच सांगितलं सगळ्या गावासमोर. साखर होती म्हणून."

निदान बरोबर होतं. उपचार बरोबर होता. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, तेच ओरडेन. एसटी आली, तो धावला, आत चढताना त्यानं मागं वळून हात केला, बहुतेक मलाच. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनंही हात केला.

गाडी वळणापलीकडं गेल्यावर ती नेहमीसारखी माझ्या ओट्यावर येऊन बसली. कुंकू धुतलं होतं, पण कपाळावर लाल डाग राहिला होता. मग तिनं विचारलं, "मला सकाळचं कायबी आठवत नाय. मी बोलले का वं काई?"

"म्हणालात, मला घरी न्या."

"त्याच्याम्होरं बोलले?"

"हो."

"आन त्यो काय म्हनला?"

रोग्याशी खोटं बोलायचं नाही, हा माझा हट्ट होता. त्यापायी मी कितीजणांची रडणी ओढवून घेतली होती. मी म्हटलं, "रडला. तुमच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, नेतो."

तिनं वळणाकडं बघितलं. तिथं आता धूळसुद्धा राहिली नव्हती. "म्हनला तर खरं," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला उठले. साखरेच्या डब्याला हात घातला आणि तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, टाका. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हा दोघींचा चहा एकसारखा झाला. उकळी येत होती तेवढ्यात ती आत आली, पदराची गाठ सोडली आणि तिच्यातलं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. दोन लवंगा होत्या.

"उद्याच्या व्हत्या," ती म्हणाली. "टाका त्यातच."